पुरचुंडीतल्या चौदा नोटा

मावशी,

आधी माफी मागते. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथीनंतर वही सुटली ती पंचवीस वर्षांनी तुझ्यामुळे परत हातात आली. चुका पुष्कळ असतील. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा शुद्धलेखनाची माफी तुझ्याकडे मागण्यात काही अर्थ नाही हे मला समजतं. पण तू ओळी मोजायचीस. टोपलीतले बांगडे मोजावेत तशी एकेका ओळीवर बोट ठेवून. म्हणून या वेळी मी जेवढं लिहीन तेवढं सगळं वाचून दाखवणार आहे. एकही ओळ गाळणार नाही.

तुला जाऊन पंचेचाळीस दिवस झाले. मी दमले आहे, मावशी. रडून नाही, रडणं पहिल्या आठवड्यातच संपलं. उठायचं, पाणी भरायचं, डबा करायचा, मार्केटात जाऊन दुसऱ्यांचे मासे कापायचे, यातलं प्रत्येक काम ओल्या गोणीसारखं जड झालंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "भांग हाय बाय आज. सोर." आणि मी सोडलं असतं.

हा भांग मला तूच शिकवलास. मी सांगोल्याकडची, आमच्याकडे विहिरीलाही पाणी नसतं, समुद्राची भरती कुठली. पुनवेला आणि अवसेला खाडीला उधाण येतं आणि मधल्या दिवसांत पाण्याचा जोर जातो, तो भांग, हे मी करावे गावात तुझ्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायला आल्यावर ऐकलं. तुझे मालक होते तेव्हा भांगाच्या दिवसांत जाळं पाण्यात टाकत नसत. ओट्यावर बसून शिवत बसत. "भांगाला मासली नाय आली म्हनून कोन रडतं काय?" असं तू म्हणायचीस. मला ते ऐकायला बरं वाटायचं. पण मी ते मानलं नाही कधी. ते तेव्हाच मानलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

पहिल्यापासून सांगते. तुला माहीत आहे सगळं, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

मी तुझ्या शेजारी कोयता घेऊन बसायला लागले तेव्हा मी महिनोन् महिने नीट झोपले नव्हते. घरात दोन वेळचं होतं. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. मुलगी हुशार. कारण काहीच नव्हतं, आणि कारण नाही याचीच मला जास्त लाज वाटायची. माझ्या गावच्या बायका किती काय काय सोसतात, आणि मला पापलेटची शेपटी कापताना उगाच रडू येतं. गिऱ्हाईक म्हणायचं, कांदा कापताय काय ताई? मी खाली मान घालून हसायचे.

तू कारण विचारलं नाहीस. एकदाही नाही. तू फक्त एक दिवस दुकान लवकर झाकलंस, हात लिंबाने चोळून धुतलेस, डोक्यात ताजी वेणी माळलीस आणि म्हणालीस, "चल. खारघरला जायचाय."

"कशाला हो मावशी? तुम्हाला बरं नाही का?"

"तुमी-तुमी काय करतंस? मी काय तुझी मास्तरीन हाय? चल सांगतंय तं."

डोक्याच्या डॉक्टरकडे जायचंय हे तू मला दवाखान्याच्या दारात सांगितलंस. कुणाकडून पत्ता काढला होतास ते मला कधीच कळलं नाही. मी जिना उतरायला लागले. तू माझा हात धरलास, तो कोयता धरणारा हात, सुटतोय कुठे. आत काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंट कोण? मी जमिनीकडे बघत होते. तू मोठ्याने म्हणालीस, "पयला माझा नाव लिव. माझ्याच डोक्यान लय टेन्शन हाय."

बसलेले सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तुझं लुगडं, वेणी, मासळीचा वास. तेवढा वेळ माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. तू ते मुद्दाम केलंस हे मला बाहेर आल्यावर समजलं. आत डॉक्टरबाईंनी तुला विचारलं, आजी, झोप कशी लागते? "परल्याव लागते," तू म्हणालीस. मग मला पुढे ढकललंस. "ही माझी भाची. हिला बगा. मी बाहेर बसतंय."

फी तू दिलीस. रक्त तपासलं, त्याचे तू दिलेस. दोन महिन्यांच्या गोळ्यांचे तूच दिलेस. मी घरी येऊन हिशोब केला, तीन हजार होत होते. मी म्हटलं, भिशी लागली की एकदम परत करीन. तू तोंड वाकडं केलंस.

"एकदम नको मना. रोज धा रुपये दे. ते पन रोज नाय. डॉक्टरीननं कागुद दिलाय ना, त्याच्यावं लिवलंय त्ये सगला ज्या दिशी करशील, त्या दिशीचेच धा घेईन. नाय केलास तं तुझा पैसा मना नको."

तो कागद आता माझ्याकडे आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तू तो फळीखाली ठेवायचीस. अजून त्याला बोंबलाचा वास येतो. मी तो तुला पहिल्यांदा वाचून दाखवला तो दिवस आठवतो? समोर एक बाई कोलंबीसाठी ताटकळत उभी होती आणि तू तिला म्हणालीस, "थांब गो, महत्त्वाचा चाललाय."

सकाळी अर्धा तास उजेडात चाला. "चालशील. खारीच्या बांधावं. मी येतंय."

दोन वेळा ताजं आणि बसून जेवा. "ऐकलंस? बसून. तू उभ्यानं चपातीचा तुकरा चघलतंस, त्ये जेवन नाय."

ठरल्या वेळी झोपा, फोन लांब ठेवा. "माझ्या घरान ठेव तुझा फोन."

रोज एका माणसाशी मनातलं बोला. तू काही म्हणाली नाहीस. मीही पुढची ओळ पटकन वाचली.

आवडीचं एखादं काम करा. "तुला काय आवरतं?" मी खूप वेळ विचार केला. मला काहीच सुचेना. कोलंबीवाल्या बाईला बिचारीला माझीच काळजी वाटली. ती म्हणाली, गाणी ऐका, ताई.

आणि शेवटची ओळ, रोज चार ओळी लिहा. त्यावर तू हसलीस. "हिथं तं माझा काय चालत नाय. तू लिव, मी ऐकीन."

अशी आपली पद्धत पडली. सकाळी बर्फ फोडून मासळी मांडून झाली की मी वही काढायची, आदल्या दिवशीच्या ओळी तुला वाचायच्या, आणि दिवस चांगला गेला असेल तर दहाची नोट तुझ्या हातात द्यायची. तुझी तीच बोहणी. तू ती कपाळाला लावायचीस आणि मग कमरेला खोचायचीस. कपाळाला लावायचीस हे लक्षात ठेव. मी ठेवलं नव्हतं.

सुरुवातीला फार चुका केल्या. गुरुवारी माझा उपवास, चतुर्थीला उपवास, सोमवारीही धरायचे. आणि गोळीवर लिहिलेलं, जेवणानंतर. मग उपवासाला जेवण नाही तर गोळी कशी घ्यायची? मी महिनाभर आठवड्यातले दोन-तीन दिवस गोळीच घेतली नाही, आणि बरं का वाटत नाही म्हणून देवाला आणखी एक वार बोलले. तुला कळलं तेव्हा तू कपाळावर हात मारलास. "साबुदाना काय हवा हाय? पोटान जातो ना? त्याच्यावं घे." डॉक्टरबाईंनीही तेच सांगितलं, जरा बऱ्या शब्दांत. तो नवा वार तू माझ्याकडून सोडवलास. "देवाला मी सांगतंय. माझा आयकतो तो."

आवडीचं काम सापडायला तीन महिने लागले. आणि सापडलं ते तुझ्याच गाळ्यावर, रद्दीच्या गठ्ठ्यात. मासे बांधायच्या आधी मी पेपरचा तुकडा वाचायला लागले. आधी मनात, मग तुझ्यासाठी मोठ्याने. कुठे तरी एका माणसाचा हरवलेला बैल सापडला, एका सोसायटीत लिफ्टवरून भांडण झालं, एका बाईने चाळिसाव्या वर्षी शाळेत नाव घातलं. आणि नेमकं तिथे पान फाटलेलं असायचं.

"मंग? पास झाली का ती?"

"पुढचं नाही, मावशी. मघाशी त्या साहेबांच्या सुरमईला गुंडाळलं."

"अगं मेले! पयला वाचायचा, मंग बांधायचा!" आणि मग राहिलेलं तू तुझ्या मनाने पुरं करायचीस. तुझ्या गोष्टीत सगळे पास व्हायचे. बैलसुद्धा.

मी हसायला शिकले त्या गाळ्यावर. हे तुला सांगायचं राहिलं. तुझे आभार मानायचे म्हणजे कसे, हे मला येत नव्हतं. आमच्यात आभार मानत नाहीत, जेवायला वाढतात. मी तुला वाढू काय? तू शेंगदाण्याच्या आमटीला "गोर पानी" म्हणायचीस.

आता खोटं बोलले ते सांगते.

काही दिवस वाईट जायचे. कागदावरचं एकही काम व्हायचं नाही. अशा सकाळी मी रिकाम्या हाताने आले की तू फक्त म्हणायचीस, "भांग हाय." रागावली नाहीस, तोंड पाडलं नाहीस. पण मलाच मेलीला लाज. वाटायचं, ही बाई माझ्यासाठी एवढं करते आणि मला अर्धा तास चालता येत नाही? मग एके दिवशी मी नोट दिली. वहीत लिहिलं होतं, "आज उठवलं नाही. जेवले नाही. कुणाशी बोलले नाही. मुलीवर ओरडले, मग मोरीत बसले, नळ सोडून." आणि तुला वाचून दाखवलं, "आज वांग्याची भाजी केली. मुलीने दोनदा घेतली."

तू नोट घेतलीस. मग वही ओढून घेतलीस आणि बोट फिरवलंस.

"एवरा लिवलंस, न् वाचलंस एवराच?"

मी म्हटलं, माझं अक्षर मोठं आहे, मावशी.

तू माझ्याकडे बघितलंस. मासळी ताजी आहे का ते तू कल्ले उचलून बघायचीस, तसं. आणि म्हणालीस, "असंल."

त्यानंतर तू कधी ओळी मोजल्या नाहीस. मला वाटलं पचलं. असं मी अधूनमधून करत राहिले. आणि दर नोटेची वहीच्या मागच्या पानावर एक रेघ ओढत राहिले.

सव्वा वर्षाने तीनशे रेघा झाल्या. मी दोनदा मोजल्या. त्या सकाळी मी पेढे घेऊन आले, आठवतं? आजूबाजूच्या गाळ्यांवर वाटले. कशाचे ते कुणाला सांगितलं नाही, म्हटलं असेच. तुला शेवटची नोट दिली आणि म्हटलं, "मावशी, फिटले सगळे."

तू म्हणालीस, "नाय. अजून हाय थोरा."

"तीनशे झाल्या. मी रेघा मारल्यात."

"तुझा मोज तुझ्याशी, माझा माझ्याशी."

"किती राहिले मग?"

"तुझा तुलाच म्हाईत."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी, जी रिक्षावाल्याला सुट्टे परत मागत नाही, मी सगळ्या बायकांसमोर ओरडले. "गरिबाचे दहा-वीस रुपये खाऊन तुझं काय भलं होणार आहे, मावशी?"

 शेजारची कोळीण हातातला पेढा खाली ठेवून बघायला लागली. तू कोयता धुतलास. मग इतकंच म्हणालीस, "बर्फ झाक, पानी होतंय."

तेच तुझं शेवटचं. बर्फ झाक, पानी होतंय.

मी बर्फ झाकला आणि निघून आले. दोन दिवस आलेच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझी सून निर्मला दार वाजवत आली. तू मार्केटात जायला निघाली होतीस. ओट्यावर बसून केस विंचरत होतीस. वेणी शेजारी ताटलीत काढून ठेवली होतीस. फणी केसांतच राहिली, आणि तू गेलीस.

मी तुझ्या घरी मागे उभी राहिले. पुढे जायची हिंमत झाली नाही. मी काय बोलले होते ते ऐकलेल्या बायका सगळ्या तिथे होत्या.  शेजारच्या कोळणीने मला पाणी आणून दिलं. त्या पाण्याचा घोट मला अजून गिळवत नाही.

बारावं झालं आणि निर्मलाने मला बोलावलं. तुझी लोणच्याची बरणी तिच्या हातात होती. त्यात माझ्या नोटा, शंभर शंभरच्या गड्ड्या करून दोऱ्याने बांधलेल्या. आणि वर एक पुरचुंडी, तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्याची, घट्ट गाठ मारलेली.

"हे तुझा हाय," निर्मला म्हणाली. "आई मना बोलली व्हती, ही गाठ त्या बायची, बरनीन धरायची नाय. मना वाटला तू ठेवायला दिलंस."

मी गाठ सोडली. आत दहाच्या चौदा नोटा होत्या.

मला लगेच काही कळलं नाही. घरी आले, वही उघडली. तू टोपलीत मासळी कशी लावायचीस ते आठवलं. नरम पडलेला मासा तू कधी ताज्यात मिसळला नाहीस. गिऱ्हाईक कितीही आंधळं असो. तो वेगळा काढायचीस, खाली, मीठ लावून. मी एकेक पान चाळलं. जिथे एक लिहिलं आणि दुसरं वाचलं, ती पानं मला पाठ होती. मोजली. तेरा.

आणि मग ते आठवलं. काही सकाळी तू नोट कपाळाला लावायचीस. काही सकाळी तशीच कमरेला खोचायचीस. मला वाटायचं, घाईत विसरली असेल.

म्हणजे तुला तेराच्या तेरा वेळा कळलं होतं. आणि तू एकदाही तोंडावर म्हणाली नाहीस. नोट परत केली असतीस तर मी परत आले नसते, हे तुला ठाऊक होतं. "तुझा तुलाच म्हाईत" म्हणजे ते. आणि मी तुला पैसे खाल्ले म्हणाले.

पण मावशी, तेरा. चौदा नाही. ही चौदावी नोट मला सापडेना. मी तुझ्याशी आठ दिवस मनातल्या मनात भांडले. हिने चुकून एक खरी नोट खोट्यात टाकली, असं म्हणत होते. शेवटी तारखा बाजूला ठेवून मी सगळी वही पहिल्या पानापासून तुझ्यासारखी बोट ठेवून वाचली. तेव्हा एक पान लागलं. त्या दिवशी मी सगळी कामं केली होती. चालले होते, जेवले होते, गोळी घेतली होती. आणि वाचून दाखवताना एक अक्षर बदललं नव्हतं. म्हणून मी त्यावरून पुढे जात होते.

पानावर लिहिलंय, "आज खूप दिवसांनी हलकं वाटलं. सगळे डबे घासले. मुलीचं दप्तर धुतलं, तिचे कपडे इस्त्री करून ठेवले. सगळं आवरून झालं. उद्यापासून कुणाला माझा त्रास होणार नाही."

मी ते तुला हसत हसत वाचलं होतं. मला वाटलं होतं, किती चांगला दिवस.

तू नोट कमरेला खोचलीस. कपाळाला नाही. मग दिवसभर तू मला उठू दिलं नाहीस. न विकलेले मासे साफ करायला लावलेस. दुपारी दुकान झाकलंस आणि म्हणालीस, "माझी सून म्हायेराला चाललीय. मना एकटीला घर खायला उठतं. आठ दिस माझ्याकरं झोपायला ये. पोरीला पन घेऊन ये." ह्यांची वॉचमनची ड्यूटी तेव्हा खांदेश्वरला रात्रपाळीची होती. मला वाटलं, म्हातारी एकटी आहे, जाऊ या. तिथे तू माझ्या आणि दाराच्या मध्ये चटई टाकलीस. दुसऱ्या दिवशी खारघरला नेलंस, "माझी तपासनी हाय" म्हणून. डॉक्टरबाई त्या दिवशी माझ्याशी तासभर बोलल्या. काय काय मनात येतं ते सरळ विचारलं. मी पहिल्यांदा हो म्हटलं. त्यांनी गोळी बदलली, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि मन असं झालं तर कधीही फोन कर म्हणून नंबर लिहून दिला.

त्या पानावर काय लिहिलंय ते मी स्वतः लिहूनही मला वाचता आलं नव्हतं. अक्षरओळख नसलेल्या तुला ऐकून समजलं.

मी हे निर्मलाला विचारलं. म्हटलं, तू तेव्हा माहेरी गेली होतीस ना? ती म्हणाली, "मी कशाला जातंय? आईनं पिशवी भरून मना घराभायेर काढला. मी रुसून गेलते. आठ दिस फोन पन नाय केला. का काढला त्ये मरेपरेंत नाय सांगितला." 

तर, मावशी, ती नोट तुझीच बरोबर. तू जिंकलीस. एवढं सांगण्यासाठी मला तुझ्याशी आणखी एकदा भांडायचं होतं.

चौदा नोटा एकदम निर्मलाच्या हातातल्या बरणीत टाकता आल्या असत्या. एकशेचाळीस रुपये. निर्मला म्हणालीही, "ऱ्हाव दे गो." पण तसं चालत नव्हतं ना. एकेक दिवस कमवायचा होता. पहिला आठवडा एकही नाही मिळाला. नंतर एक. मग दोन दिवस भांग. बांधावर एकटी चालायचे. थंडीत तिथे गुलाबी पाखरं येतात, त्यांच्यासाठी लोक कॅमेरे लावून बसतात. मी त्यांच्या मागून खाली मान घालून जायचे. तू असलीस की तू त्यांना विचारायचीस, "काय रं, मासली लागली काय?" मला ते जमत नाही. जेवायला बसायचे, ताट समोर घेऊन, आणि हात चालायचा नाही. तरी बसायचे. रद्दीतलं वाचायचे. निर्मला आता तुझ्या जागी बसते. तिचा हात अजून हळू आहे, गिऱ्हाईक कटकट करतं. ती "मंग काय झाला?" असं विचारत नाही. पण परवा एका तुकड्यावर तिने विचारलं, "फाटला काय? हात्तिच्या!" मला कसंसंच झालं.

अशा तेरा दिल्या. चौदावी राहिली, कारण त्या कागदावरची चौथी ओळ. रोज एका माणसाशी मनातलं बोला. इतके दिवस ती ओळ तूच होतीस. वही वाचली की झालं असं मी धरायचे. आता कोण? तेरा नोटांसाठी मी ती ओळ निर्मलाशी तुझ्याबद्दल बोलून भागवली. ते खोटं नव्हतं. पण चौदाव्या नोटेला ते पुरणार नव्हतं.

काल हे ड्यूटीवरून आले. मी चहा ठेवला आणि गोळ्यांची पाकिटं त्यांच्यासमोर ठेवली. सव्वा वर्ष मी त्यांना ॲसिडिटीच्या गोळ्या म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, या पोटाच्या नाहीत. मग सगळं सांगितलं. डॉक्टरबाई, तीन हजार, ते पान. पान मी वाचून दाखवलं. सगळं, एक ओळ न गाळता. दोनदा थांबले.

ते पाकीट उलटंपालटं करत राहिले.  मग म्हणाले, "तरी मी म्हणायचो, एवढी ॲसिडिटी, आणि मिरचीचा ठेचा कशी खाते ही."

मला हसूच आलं, मावशी. हसता हसता रडू आलं. त्यांचेही डोळे भरले होते, पण ते उठून चहाला उकळी आली म्हणून गॅस बारीक करायला गेले. पाठमोरेच म्हणाले, "आता पुढच्या वेळी खारघरला कोण येणार तुझ्याबरोबर?"

"जाईन मी एकटी."

"मी सुट्टी टाकतो. तारीख सांग."

आज सकाळी मार्केटात गेले. निर्मलाने बर्फ फोडला, मी मासळी मांडली. वही काढली नाही, कालचं वाचायचं होतं ते वाचून झालं होतं. पुरचुंडीतली शेवटची नोट तिच्या हातात दिली.

तिला यातलं काहीच माहीत नाही, नोटा खऱ्या कुठल्या आणि खोट्या कुठल्या. तिची फक्त अजून बोहणी झाली नव्हती. तिने ती नोट दोन्ही हातांनी धरली, कपाळाला लावली आणि बरणीत टाकली.

मावशी, फिटले सगळे.